‘फुंकू नका, केसच होणार नाही’: एका घातक संदेशाचा प्रतिवाद

गेल्या रविवारी पुतण्याने घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकला आणि खाली विचारले, ‘काका, हे बरोबर आहे ना? मी जपून ठेवलंय.’ ‘प्रत्येक तरुणाला माहीत हवेत असे कायदे’ या मथळ्याखाली त्यात चार दावे होते. नाकाबंदीत श्वासचाचणीला नकार द्या, मग केस होऊच शकत नाही. एक किलोपर्यंत गांजा बाळगणे गुन्हा नाही. राजपत्रित अधिकारी आल्याशिवाय पोलीस तुमच्या बॅगेला हात लावू शकत नाहीत. आणि तरीही प्रकरण न्यायालयात गेलेच, तर गुन्हा कबूल करून दंड भरा, वकिलाची गरज नाही. मी अशाच खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहतो, त्यामुळे पोलिसांची पाठराखण करण्याचे मला काहीच कारण नाही. पण हा सल्ला पाळणारा माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा त्याच्या बचावाचा निम्मा भाग त्याने स्वतःच घालवलेला असतो.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा त्यासाठी आधार दिला आहे. मात्र बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्येच ‘काठी कालू ओघड’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नकार दिल्यास काय होईल हे मोटार वाहन कायद्यानेच सांगून ठेवले आहे. चालकाने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल आणि त्याने चाचणी नाकारली, तर कलम २०३ खाली त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. पुढे कलम २०५ आहे, आणि हा संदेश लिहिणाऱ्याने ते कधी उघडलेले दिसत नाही. सबळ कारण नसताना श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना नाकारला, तर तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी आणि बचावाचा पुरावा खोडणारी बाब मानता येते. म्हणजे तोंडाला वास येत होता आणि तोल जात होता, एवढेच पोलीस सांगत असतील, तर त्या तुटपुंज्या पुराव्याला आरोपी आपल्या नकाराने टेकू देतो. चाचणी झाली नाही म्हणून विम्याचे पैसे सुरक्षित राहतात, असेही समजू नये. २०२१ मध्ये एका अपघातग्रस्त गाडीच्या प्रकरणात श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसतानाही, चालक मद्याच्या अमलाखाली होता हे सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीवरून मान्य केले आणि विमा कंपनीने नाकारलेला दावा नाकारलेलाच राहिला.

खरा बचाव कागदपत्रांत असतो. मद्यपान करून गाडी चालवण्याच्या गुन्ह्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. यंत्राच्या छापील पावतीवर आकडा किती आहे, वेळ कोणती आहे, पावतीवरचा यंत्राचा क्रमांक आणि पंचनाम्यातला क्रमांक जुळतात का, हे मी सर्वांत आधी पाहतो. त्यानंतर अटकेची वेळ आणि डॉक्टरांच्या अहवालावरची वेळ शेजारी शेजारी ठेवतो, कारण कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. चाचणीच नाकारली, तर उलटतपासणीत बोट ठेवायला पावतीही उरत नाही.

गांजाविषयीचा दावा धादांत खोटा आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एक किलो ही ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा आहे, परवानगीची नव्हे. तेवढ्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नुसते सेवन करणे हाही कलम २७ खाली गुन्हाच आहे. शिवाय ही मर्यादा पदार्थागणिक बदलते: हेरॉइनसाठी ती ५ ग्रॅम आहे, तर मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थासाठी २ ग्रॅम. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या ‘हिरा सिंग’ निकालानुसार मिश्रणात घातलेल्या भेसळीचे वजनसुद्धा मोजले जाते, त्यामुळे आपल्याजवळ थोडेच आहे हा अंदाज सहज चुकतो. ज्या तरतुदीने एखाद्या व्यसनी मुलाचे आयुष्य सावरू शकते, ती मात्र या संदेशात नाही. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपात व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते.

राजपत्रित अधिकाऱ्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० खाली अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काची जाणीव आरोपीला करून देणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये ‘बलदेव सिंग’ प्रकरणात ठरवले आहे. पण हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे. हातातली बॅग त्यात येत नाही, हे २००५ च्या ‘पवन कुमार’ निकालापासून स्पष्ट आहे. संदेशात नेमका बॅगेचाच उल्लेख आहे.

चौथ्या सल्ल्याला फार शब्द नकोत. गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी ओढवून घेणे. मद्यपान करून गाडी चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्या वेळी कैदेची मर्यादा दोन वर्षांवर आणि दंड पंधरा हजारांवर जातो, आणि ते ‘दुसऱ्या वेळी’ ठरते ते घाईने दिलेल्या पहिल्या कबुलीमुळेच. अटकेत असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यामुळे पैसे नाहीत हेही वकिलाशिवाय उभे राहण्याचे कारण नाही. पुतण्याने तो संदेश आणखी तीन ग्रुपांवर पाठवला होता. हे उत्तरही त्याच तीन ठिकाणी त्यानेच पाठवावे, असे मी त्याला सांगितले आहे.