तळं आटलं की फक्त पावसाकडे बोट दाखवू नका

दर उन्हाळ्यात आमच्या सोलापूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद पेटतो. घराजवळचं तळं आटलेलं असतं, अर्धे म्हणतात पाऊसच नाही तर पाणी येणार कुठून, आणि बाकीचे म्हणतात ऑस्ट्रेलियात बघा लोकांना कशी शिस्त आहे. मला दोन्ही पटत नाही.

मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमधलं वेंडोरी तळं घ्या. मुळात दलदल, तळं उथळ, भोवती सहा किलोमीटरची वाट आणि संध्याकाळी निम्मं गाव तिथे चालायला. १९५६च्या ऑलिंपिकमधलं रोइंग इथे झालं आणि बरोबर पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, लांबलेल्या दुष्काळात हेच तळं पार कोरडं पडलं, तळात गवत उगवलं. म्हणजे पैसा होता, शिस्त होती, पाणी वापरावर कडक निर्बंध होते, तरी तळं गेलंच ना! पण गावाने ते सोडून दिलं नाही. आजूबाजूच्या रस्त्यांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी तळ्याकडे आणायची सोय झाली, शुद्ध केलेलं सांडपाणीही वापरायला घेतलं, त्यामुळे २०१० पासून चांगला पाऊस झाला तेव्हा तळं पुन्हा भरलं आणि बोटी परत आल्या.

इकडे सगळं गोडीगुलाबीने होतं असं अजिबात नाही हं. गोल्बर्न नदीचं पाणी मेलबर्नला न्यायच्या पाइपलाइनविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले होते, जायकवाडीवरून नगर-नाशिक आणि मराठवाड्यात होतं ना, तसंच.

आपल्याकडे मात्र शहरातलं तळं आटलं की गाळ काढायची सोन्यासारखी संधी वाया जाते. खेड्यात हे लोकांना बरोबर कळतं, २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत शेतकरी स्वतः गाळ वाहून शेतात टाकतायत. शहरात पैसा जातो कारंजं, लाइटिंग आणि वॉकिंग ट्रॅकवर, आणि तळ्यात पावसाचं पाणी आणणारा ओढा एकतर बांधकामाखाली गेलेला असतो नाहीतर त्यातून मैलापाणी येत असतं. अशा तळ्यात वरुणराजा कितीही बरसला तरी काय साचणार?

म्हणून ग्रुपवरच्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, यंदा मृगाच्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन कारंज्याचं नको, तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांचा नकाशा मागा आणि तो घेऊन एकदा ओढ्याच्या काठाकाठाने चालत जा.