प्रभुभोजनाआधीची घाईची हातमिळवणी

नवापूर असो, नंदुरबार असो की भुसावळ, आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे नेहमीचं झालंय. दोन घरांचं बोलणं बंद असतं. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीने एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार तोंडावर येतो. शनिवारी रात्री चार वडीलधारे दोघांना समोरासमोर बसवतात : "झालं गेलं विसरा, हात मिळवा, चला प्रार्थना करू." हात मिळतात, आणि सोमवारी बांधावर पुन्हा तेच. मला याची मनापासून चीड येते. ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर हा दुसरा अन्याय आहे, आणि तोही प्रभूच्या नावाने.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिलाय. आधी एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक दाखवायची. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही तर मंडळीपुढे. आपल्याकडे गाडी उलटी चालते. आधी गल्लीला कळतं, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव न घेता बायबलचं वचन पडतं, मग पंच बसतात, आणि ज्याने चूक केली त्याला सगळ्यात शेवटी कळतं. चारचौघांत अब्रू गेलेला माणूस चूक कबूल करत नाही, तो स्वतःला वाचवायला बघतो. म्हणून पहिली पायरी एकांतातली आहे. दुसऱ्या पायरीचे साक्षीदारही नीट निवडा. दोघांपैकी कुणाचे शालक-मेहुणे नकोत, देणेकरी तर मुळीच नकोत.

त्याच अध्यायात पुढे निर्दय चाकराचा दाखला आहे. त्याला राजाने १०,००० तालांतांचं कर्ज माफ केलं आणि त्याच चाकराने १०० दीनारांच्या येण्यासाठी सोबत्याचा गळा धरला. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात साधारण ६,००० दीनार. आज रोज ४०० रुपये धरला तर शंभर दीनार म्हणजे ४० हजार रुपये. कापूस वेचणाऱ्या बाईसाठी ही तीनसाडेतीन महिन्यांची कमाई झाली. प्रभूने तिचं नुकसान फुटकळ म्हटलेलं नाही. दहा हजार तालांतांचा हिशेब त्याच दराने २,४०० कोटींवर जातो. देवाने आपल्याला काय सोडलं हे त्यातून कळतं, पण त्या ४० हजारांना "एवढंसं तर आहे" म्हणायचा हक्क पंचांना मिळत नाही. क्षमा करणाऱ्याने आधी आपलं काय गेलं ते नेमकं मांडावं : पैसे किती, इभ्रत किती, झोप किती. आकडाच माहीत नाही ते कर्ज सोडणार कसं?

बांधाचं घ्या. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास (नांगरटीची एक ओळ) बांधात घालतो. पहिल्या वर्षी दिसत नाही. पाचसहा वर्षांत बांध निम्मा होतो, आणि सामायिक बांधावरचं निंबाचं झाड त्याच्या वावरात जातं. इथे पीडिताने "प्रभूसाठी सोडून दे" एवढंच ऐकायचं का? बायबलमधल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं. जुन्या करारातल्या गणना ५ मध्ये भरपाईत पाचवा हिस्सा वर घालायला सांगितलाय. दोघांच्या सहीने भूमी अभिलेख कार्यालयाकडे जमीन मोजणीचा अर्ज करणं म्हणजे वैर काढणं नाही. प्रेषित पौलाने १ करिंथ ६ या पत्रात भावाला कोर्टात खेचण्याविरुद्ध लिहिलंय. मोजणी तर खुणा दाखवते, आणि खुणा दिसल्या की निम्मं भांडण तिथेच विरतं. सूड आणि शिव्याशाप सोडायचे, हद्द आपली आपल्याला मिळाली पाहिजे.

माफी मागणाऱ्यासाठीही सांगतो. "काही चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नव्हे. काय केलं ते नाव घेऊन सांगा, "पण" लावू नका, भरपाईची तारीख द्या.

क्षमा केल्यावरही राग परत येतो, विशेषतः तोच माणूस रोज विहिरीवर दिसत असेल तर. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. प्रभूने शिष्य पेत्राला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं ते एकाच भावाबद्दल. राग आला की त्याच दिवशी प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन पुन्हा सोडा. आणि विश्वास लगेच द्यावा लागत नाही. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना पारखलं, धाकट्या बन्यामिनासाठी भाऊ यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झालेला पाहिला, मगच ओळख दिली.

दोन बाबतींत तर पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आणि वडीलमंडळाने समेट घडवायला मध्ये पडूच नये. नवरा मारतो त्या बाईला "क्षमा कर आणि घरी जा" म्हणणं पाप आहे. आधी तिला सुरक्षित जागी न्या. लेकराचं लैंगिक शोषण झालं असेल तर पॉक्सो कायद्याने (२०१२) माहिती असणाऱ्याला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे पंच बसवून समेट होत नाही.

ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे गेलेल्यांचं काय, असं बरेचजण विचारतात. फोनवर पहिली पायरी होऊ शकते, पण स्पीकर बंद ठेवून आणि टोळीतले सोबती जवळ नसताना. दोघांना भरपाई ठरवायची असेल तर ती माणूस गावी परतल्यावर, समोर बसून ठरवा. तोवर पाळकांनी त्या दोघांना प्रभुभोजनाच्या तारखेची घाई करू नये.