डाग मोठा म्हणून पाय गेला?

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा येऊन पडलाय: ‘पॅरालिसिस झाल्यावर एमआरआयमधला डाग मोठा असेल तर माणूस पुन्हा चालत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तीन महिन्यांनंतर फिजिओ म्हणजे पैसे पाण्यात.’ पाठवणारे काका भले आहेत, पण हे वाचून एखाद्या घरात व्यायाम बंद होईल, म्हणून लिहितो.

डागाच्या, म्हणजे मेंदूतल्या मेलेल्या भागाच्या, आकारापेक्षा जागा महत्त्वाची. हालचालींच्या आज्ञा नेणारे तंतू मेंदूत खोलवर एका अरुंद पट्ट्यात एकत्र येतात. तिथला दीड सेंटिमीटरहून लहान डागही अर्धं अंग लुळं पाडू शकतो. उलट कानाजवळच्या भागातला मोठा डाग बोलणं हिरावतो आणि पाय शाबूत राहू शकतो. पाय हलवणारी जागा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत असते, तिचा रक्तपुरवठाही वेगळ्या धमनीचा. म्हणून पॅरालिसिसच्या नेहमीच्या झटक्यात पायापेक्षा हात जास्त जातो.

पेशी परत येत नाहीत, कबूल. पण चालणं एकाच वाटेवर अवलंबून नाही. मेंदूच्या देठातून दोन्ही बाजूंना तंतू उतरतात, पावलांचा ताल धरणारी चेतापेशींची जाळी मज्जारज्जूत असतात. मूठ उघडत नाही, तरी माणूस चालतो, ते यामुळे.

आणि अंदाजच बांधायचा तर एमआरआयपेक्षा पलंगाची कड बरी. 2011 च्या एका डच अभ्यासात, झटक्यानंतर 72 तासांत जे आधाराशिवाय 30 सेकंद बसू शकले आणि ज्यांचा अधू पाय थोडा तरी हलला, त्यांची सहा महिन्यांत स्वतंत्र चालण्याची शक्यता सुमारे 98 टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांचीही 27 टक्के होती, शून्य नव्हे. (स्वतंत्र म्हणजे पर्वती चढणं नाही, सपाटीवर, हवी तर काठी घेऊन, पण कुणाचा हात न धरता.)

तीन महिन्यांची गोष्ट अर्धी खरी. चालण्यातली बहुतेक सुधारणा पहिल्या 11 आठवड्यांत होते, हे कोपनहेगनच्या अभ्यासाने 1995 मध्येच दाखवलं. पण अमेरिकेतल्या 2011 च्या चाचणीत एका गटाचा ट्रेडमिल-सराव झटक्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झाला, तरी वर्षअखेरीस तो आधी सुरू केलेल्यांच्या बरोबरीला होता. घरी येणाऱ्या फिजिओकडून व्यायाम केलेलेही ट्रेडमिलवाल्यांच्या मागे नव्हते. महागडं मशीन नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी आजोबांना खेचून उभं करू नका. पहिल्या 24 तासांत वारंवार उठवण्याने निकाल बिघडल्याचं 2015 च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. कधी उठवायचं ते वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा.