तलाव बुडवावा कसा

गावात मामा तलाव आहे आणि तो अजून पुरता मेला नाही, म्हणून तुम्हाला झोप येत नसेल, तर मंडळी, चार युक्त्या सांगतो. (मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. हे पुण्या-मुंबईकडच्यांसाठी.)

आधी तलाव सरकारचा आहे, हे पाठ करा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं तो बांधला, पुढे मालगुजाराच्या धाकानं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकत राहिलं, त्या जुन्या गोष्टी झाल्या. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि त्यासोबत आपलं फावडंही जमा झालं. निस्ताराचा, म्हणजे गावाच्या वापराचा, हक्क तेवढा सोडू नये. हक्क सांगावा, माती टाकू नये.

पाळीवर बेशरमची झुडपं वाढू द्यावी. आपल्या गावात बेशरमला घरच्यासारखं वाटतं.

पाणी उतरेल तसा आपला धुरा (शेताचा बांध) तलावाच्या पोटात एकेक हात पुढे सरकवावा. तलाठ्याला दिसत नाही.

पाणी वापर संस्था मात्र जरूर काढा. 2005 च्या कायद्याप्रमाणे संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतले शेतकरी लागतात. शेपटाच्या माणसाला सहीपुरतं बोलवावं, चहा पाजावा. पाणी पाजू नये. 22 मार्चला बॅनरखाली फोटो काढावा, जलदिन साजरा.

आता मुख्य युक्ती. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, नेहमी रात्री उघडावं.

यंदा मृग कोरडा गेला, पऱ्हे (धानाची रोपं) पिवळे पडले, रोवणी लांबली. मग दोन दिवसांत असा कोसळला की सलंगावरून, म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून, पाणी गेलं, आणि हस्त नुसता गडगडून गेला. चार महिने मुरत येणारा पाऊस आता चार हिसक्यांत येतो. म्हणूनच तर साठलेलं पाणी आळीपाळीनं घ्यायचं, शेपटाकडून सुरुवात करायची, असं सभेत ठरलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. माझी पाळी मंगळवारी. धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. सोमवारी रात्री कोण्या पुण्यवंतानं तुडूम उघडलं आणि घरी जाऊन झोपला. सकाळी जातो तर वरच्या बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) बेडूक ओरडत आहेत, उरलेलं पाणी नाल्यात, आणि माझ्या बांधीतल्या भेगेत चपलेसकट अंगठा जातो. तुडुमाचं लाकडी बूचही गायब.

‘‘काहून जी, कोणी उघडलं?’’

‘‘आमाले काय मालूम भाऊ? उंदीर असन.’’

उंदीर बूच उपसतो, खांद्यावर टाकतो आणि घरी नेतो, हे मला साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं! वर एक शहाणा म्हणतो, बोअर मारून घ्या ना. अरे, बोअर काय बाप मारून देते? आणि त्या बोअरमध्ये पाणी येणार कुठून? आता लोंब्या निसवल्या आहेत. पांढऱ्या. चिमटीत धरल्या तर दाणाच लागत नाही. नेहमीच्या पिकाच्या जागी घरच्या भाताचेही वांधे.

जाऊ द्या युक्त्या. सरळच बोलतो. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. नाल्यात गेलं ते पाणी तुमच्याही उन्हाळी धानाचं होतं. मे महिन्यात तुमच्या विहिरीत चार हात पाणी राहतं ते याच तलावाचं झिरपलेलं असतं, तुमच्या आजोबाच्या पुण्याईचं नाही. डिसेंबरात तलाव कोरडा पडला की कलेक्टर कचेरीपुढे टोप्या घालून बसाल, तेव्हा मला बोलवू नका. आणि बूच कोणाच्या गोठ्यात, तणसाच्या ढिगाखाली आहे, ते माझ्या नातवानं पाहिलं आहे. उद्या उजाडायच्या आत जागेवर आणून ठेवा.