‘पोपट पिंजऱ्यातच सुरक्षित’ म्हणे!

होळी जवळ आली की एक संदेश सोसायटीच्या आणि गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, सार एकच. पोपटाचं पिल्लू घरी आणणं म्हणजे पुण्य, कारण रानात ते जगत नाही. माणसाचा हात लागलेल्या पोपटाला थवा टोचून मारतो, म्हणून त्याला सोडणं पाप. देशी पोपट पाळायला कायद्याची आडकाठी नाही. कंठवाला घ्या, लवकर बोलतो. रोज मिरची द्या, जीभ सुटते. शंभर वर्षं जगतो. आणि तसाही तो शेतकऱ्याचा शत्रूच. होळीचाच मुहूर्त का, हे उघड आहे. ढोलीतली पिल्लं विकायला येतात ती याच दिवसांत.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. मिरचीतल्या कॅप्सायसिनचा झोंबरेपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून पोपट ती निवांत कुरतडतो. बोलण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. शब्द तो ऐकून ऐकून उचलतो. आणि आपला नेहमीचा पोपट उत्तम बडदास्तीत २५-३० वर्षं काढतो, शंभर नव्हे.

कंठाचं मात्र गमतीशीर आहे. गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त वयात आलेल्या नराला असतो आणि तोही साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. मादी आणि कोवळा नर, दोघांचेही गळे कोरे. म्हणजे ‘कंठवालं पिल्लू’ अशी चीजच अस्तित्वात नाही. कुणी दाखवत असेल तर त्याच्याकडची रंगाची डबी शोधा. खांद्यावर लाल डाग असलेला थोराड पोपट, ज्याला बाजारात ‘पहाडी’ म्हणतात, त्याचंही तेच.

आता ‘रानात जगत नाही’ हा दावा. पोपटाची जोडी डिसेंबर-जानेवारीपासूनच ढोलीवर हक्क सांगायला लागते. ढोली बहुधा सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली असते. पोपट चोचीने कडा कुरतडून तिचं तोंड रुंद करतो. रेन ट्री, पिंपळ, शेंडा गेलेला माड, जुन्या वाड्याच्या भिंतीतलं भोक, काहीही चालतं. त्यांचं प्रियाराधन एकदा तरी दुर्बिणीतून बघावं. मादी अंग चोरून फांदीवर बसते, मान इकडून तिकडे वळवत डोळे फिरवते. नर ताठ होऊन एकेक पाऊल सरकत येतो, एक पाय हवेत उचलून धरतो आणि तिच्या चोचीत चोच घालून तिला भरवतो. पुढे चारेक पांढरी अंडी, तीनएक आठवडे उबवणं आणि मग जवळजवळ सात आठवडे पिल्लांचा मुक्काम ढोलीच्या अंधारात. जन्मतात तेव्हा ती आंधळी आणि उघडीबोडकी असतात. दोघं आईबाप मिळून त्यांना वाढवतात.

हा सगळा संसार पिल्लू काढणारा पाच मिनिटांत मोडतो. हात आत जात नाही म्हणून कोयत्याने ढोलीचं तोंड फोडलं जातं. पिल्लं जातातच, पण जी ढोली वर्षानुवर्षं वापरात राहिली असती, जिच्यात पुढे एखादी साळुंकी किंवा पिंगळा राहिला असता, तीही जाते. आणि मग म्हणायचं, रानात जगत नाही!

थव्याच्या गोष्टीत सत्याचा एक कण आहे, म्हणूनच ती खपते. हाताने भरवून वाढवलेला पोपट एके दिवशी गच्चीतून सोडून दिला तर तो बहुधा मरतो. पण उपासमारीने किंवा शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडून. पंख कापलेले, उडण्याची सवय नाही, कोणतं फळ कुठे पिकलंय ठाऊक नाही, वर सावली सरकली की कुठे शिरायचं हे कुणी दाखवलेलं नाही. हे शिक्षण थव्यात होतं आणि त्याचं नेमकं तेच बुडालेलं असतं. संध्याकाळी रातथाऱ्यावर शेकडो पोपट कलकलाट करत एकत्र उतरतात. हात लागला म्हणून वाळीत टाकणारी जातपंचायत तिथे बसत नाही.

पुरावा थेट विलायतेत आहे. लंडनच्या बागांतून आज आपलाच हा पोपट हजारोंनी उडतो. पिंजऱ्यातून निसटलेल्या आणि सोडून दिलेल्या पक्ष्यांची ती प्रजा. १९६९ मध्ये केंट परगण्यात त्यांची वीण नोंदली गेली. तिथली थंडी सोसून ते टिकले.

शेतकऱ्याचा राग मात्र खरा आहे, तो उगाच झटकू नये. हुरड्यात आलेली ज्वारी, सूर्यफूल, पेरू, डाळिंब यांची पोपट नासाडी करतो. खातो थोडं, पाडतो जास्त. एका पायात कणीस धरून चार दाणे सोलायचे, टाकून द्यायचं, की पुढचं. पण शेतावर थव्याने येतात ते उडते पोपट. शहरातल्या गुलमोहरावरची पिल्लं काढून कोणाचं शेत वाचलंय? त्याला जाळी लावावी लागते, राखण करावी लागते, गोफण फिरवावी लागते.

कायद्याचा मुद्दा तर सरळ उलटा सांगितलाय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. दुकानात राजरोस मिळतात ते बजरीगर आणि कॉकाटिएल मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपला पोपट पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली.

घरात आधीच पोपट असेल तर गच्चीवर नेऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.