लिंबूपाण्याने शिसं धुऊन निघत नाही

‘हळद, मसाले, भिंतींचा जुना रंग यांतून शिसं पोटात जातं. घाबरू नका. रोज व्हिटॅमिन सीची गोळी किंवा दोन ग्लास लिंबूपाणी घ्या, सगळं शिसं लघवीवाटे निघून जाईल. संशोधनाने सिद्ध. कितीही घेतलं तरी अपाय नाही. तपासणीवर पैसे घालवू नका.’ हा मेसेज मला तिघींनी पाठवला. तिघींच्या घरी लहान मुलं आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

‘सगळं शिसं निघून जाईल.’ नाही जाणार. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम वापरलं जातं, तेव्हा हे शिसंही रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. शिसं बांधून बाहेर काढायला सक्सिमरसारखी औषधं लागतात, तीही विषबाधा जास्त असेल तेव्हा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

‘संशोधनाने सिद्ध.’ १९९९ साली अमेरिकेत ७५ तरुण धूम्रपान करणाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता. रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं आठवड्याभरात खूप उतरलं, हे खरं. पण लघवीतलं शिसं वाढलं नाही! म्हणजे शिसं बाहेर पडलं असं नव्हे, आतड्यातून आत कमी गेलं असावं. विषबाधा झालेलं मूल तर त्यात एकही नव्हतं.

मेसेजमध्ये सत्याचा अंश आहे तो इथे. अंगात लोह कमी असलं की आतडं लोहासाठी दारं जास्त उघडतं, आणि त्याच दारांनी शिसंही आत शिरतं. म्हणून लोह-कॅल्शियमची कमतरता असलेल्या मुलांना ते द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. व्हिटॅमिन सीमुळे अन्नातलं लोह चांगलं शोषलं जातं, तेव्हा पोह्यांवर लिंबू जरूर पिळा. पण ही दार अडवायची सोय झाली, आत शिरलेल्याला हाकलायची नव्हे.

‘कितीही घेतलं तरी अपाय नाही.’ मोठ्या मात्रेने मुतखड्याचा धोका वाढतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

‘तपासणीवर पैसे घालवू नका.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. थोडं शिसं असताना मूल हसतं-खेळतं दिसतं आणि मेंदूचं नुकसान चालूच राहतं. शंका असेल तर रक्तच तपासावं लागतं, आणि शिसं कुठून येतंय ते शोधावं लागतं.

बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रसायन मिसळत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना जागं केलं. २०२१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी एकातही ते सापडलं नाही, आणि हळद दळणाऱ्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं.