वरील यंत्रावर विसंबून राहू नये

‘वरील यंत्रावर विसंबून राहू नये. – हुकुमावरून.’ ही पाटी परवा माझ्या दाराशेजारी लागली. पांढरा कागद, निळी शाई, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. खाली सही नाही, आणि तिची गरजही नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत इतकं वळणदार अक्षर एकाच घरात राहतं.

वरील यंत्र म्हणजे २०११ सालचं बटणांचं किंडल, ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. पडदा ठणठणीत: सहा इंच, ६०० बाय ८०० ठिपके, राखाडीच्या सोळा छटा. ई-इंकला, म्हणजे त्याच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याला, वीज लागते ती चित्र बदलताना, नुसतं दाखवत राहायला लागत नाही. म्हणून हवामान, ओला-सुका कचरा आणि पाण्याची वेळ एवढं दाखवायला ते जिन्यात टांगलं. आधी जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप पळवाटेने उघडून आपले प्रोग्रॅम चालवायची सोय. त्यातही सुरुवातीलाच विमान मोड लावायचा, नाहीतर यंत्र आपणहून नवं सॉफ्टवेअर घेतं आणि पळवाट बुजते. मग एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपण लिहिलेला चिमुकला प्रोग्रॅम, वायफाय उघडते, घरातल्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा संगणकाने तयार केलेलं चित्र आणते, पडद्यावर टाकते आणि वायफाय मिटून झोपते. बॅटरी खरी खातं ते वायफायच. दिवसातून तीन-चारदाच उघडलं तर चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. चित्र आठ-बिटी करड्या पीएनजी फाइलीत, पारदर्शकतेशिवाय, नेमकं ६०० बाय ८०० हवं. नाहीतर पडद्यावर तिरके पट्टे येतात.

चौकटीचं सांगतो, कारण इथेच पडदे फुटतात. ५ बाय ७ इंची साधी फोटोफ्रेम चालत नाही. किंडल जवळपास नऊ मिलिमीटर जाड आहे, खोल फ्रेमच लागते. अप्पा बळवंत चौकातून माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा, आणून त्यात ९० बाय १२१ मिलिमीटरची खिडकी कापायची. मागचा पुठ्ठा दाबून बसवायचा नाही. आत काच आहे, ती बाहेरून न तडकता आतून तडकते.

आता काका, म्हणजे त्या वळणदार अक्षराचे मालक.

“हे काय बसवलंयत?”

“माहितीचा फलक, काका.”

“खाली फळा आहे. खडूही आहे.”

“फळ्यावर कुणीतरी लिहावं लागतं.”

“मग यावर पाणी बंद असल्याचं कोण लिहितं?”

“...मी. टाइप करतो.”

“अस्सं. म्हणजे खडू महाग पडत होता.”

याला उत्तर नाही. हवामान इंटरनेटवरून आपोआप येतं, त्याला ओपन-मेटिओ ही सेवा आहे, पैसे नाहीत, नोंदणी नाही. पण गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने, ही बातमी आपल्याला पेपरातून कळते आणि यंत्राला आपल्याकडून. आख्ख्या गावाच्या दिवसाची मांडामांड ज्या एका वाक्यावर होते तेवढंच नेमकं हाताने भरायचं!

काका एवढ्यावर थांबते तर काका कसले. पहिल्या दिवशी पडद्यावरच्या ‘शनिवार’ची वेलांटी ‘न’ सोडून ‘व’च्या डोक्यावर बसलेली होती आणि ‘स्वच्छ’ची जोडाक्षरं पाय मोडून पडली होती. काका लाल पेन घेऊन आले. (पायथन भाषेतल्या पिलो या चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीला अक्षरं जुळवणाऱ्या रॅक्म लायब्ररीची जोड नसली की देवनागरीचं असंच होतं. ती जोडावी, नाहीतर साधं वेबपान करून क्रोमियम ब्राउझरकडून त्याचा फोटो काढून घ्यावा.) शुद्धलेखन सुधारल्यावर त्यांनी संकष्टीचा चंद्रोदय मागितला. तोही दिला. पायथनची स्कायफील्ड लायब्ररी अक्षांश-रेखांशावरून तो काढून देते, ग्रहगतीची फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही.

“चार मिनिटं चुकलंय.”

“तुमच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ असेल, काका. पुणं साधारण एक अंश पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं. चंद्र इथे आधी उगवतो.”

“इतकी वर्षं आम्ही चार मिनिटं जास्त उपाशी राहिलो, असं म्हणायचंय तुम्हाला?”

मला तसं अजिबात म्हणायचं नव्हतं. पण काकूंनी ते आतून ऐकलं आणि त्या हसल्या. पाटीचं मूळ तिथे असावं, असा माझा संशय आहे.

निमित्त मात्र गुरुवारचं झालं. माझा राउटर नवा, त्याच्या वायफायची डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षा आणि पाच गिगाहर्ट्झच्या लहरी या म्हाताऱ्या किंडलला झेपत नाहीत. म्हणून ते जिन्यातल्या कॅमेऱ्याच्या जुन्या राउटरला जोडलेलं. आणि सोसायटीचं बिल वाचावं म्हणून जिन्यातला बोर्ड रात्री दहाला बंद करतं कोण? सारसबागेतून फिरून येईपर्यंत तो चालू होत नाही. त्यामुळे पहाटे पाचचं चित्र आलंच नाही आणि ई-इंकने आपल्या स्वभावानुसार बुधवारचं ‘पाणी ५ ते ९’ तसंच धरून ठेवलं. बॅटरी संपली तरी ते धरूनच ठेवतं. काकांनी बादल्या भरल्या नाहीत.

तेव्हा कोणी असं काही लावणार असेल तर कोपऱ्यात ‘शेवटची नोंद’ची वेळ ठसठशीत छापावी. शिवाय ‘माहिती शिळी आहे’ असं एक चित्र किंडलमध्येच साठवून ठेवावं, म्हणजे दोनदा जोडणी फसली की स्क्रिप्ट तेच लावेल. रात्रभर कॅमेरा बंद असतो याबद्दल मात्र इमारतीत कुणाची तक्रार नाही. चोर आले तर बिल कमी आलेलं पाहून खूश होतील.

काल संध्याकाळी काका पुन्हा दारात. हातात सूचना: चपला जिन्यात काढू नयेत, यावर अकरा ओळी.

“हे तुमच्या त्याच्यावर लावा. लाल रंगात.”

“लाल येत नाही, काका. राखाडीच्या सोळा छटा आहेत फक्त.”

त्यांनी पडद्याकडे नीट निरखून पाहिलं.

“मग त्यातली सगळ्यात रागीट द्या.”